सविताचा कोड जायचा कुठं?

दिवाळी झाली की आमचे अप्पा आणि माय हैदराबादला बांधकामावर जायचे. ठाणाकुशनूरला विहाराच्या मागं आमचं पत्र्याचं घर. तिथं मी आणि अक्का राहायचो. अक्कानं सातवीत शाळा सोडली. सोड असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पण भाकरी कुणीतरी थापायला पाहिजे होती, आणि माझी शाळा बुडता कामा नये असं तिनंच ठरवून टाकलं. माय गावी परत आली तेव्हा तिला हे कळलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, आणि कुणाच्या जिवावर गेलो तेही सांगतो.

आज मी कलबुर्गीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. टीम म्हणजे मी, शिवाण्णा आणि सविता. शिवाण्णा सगळ्यात जुने. घरची भाषा कन्नड, पण मराठी आमच्यापेक्षा झकास बोलतात. सविता बसवकल्याणची, नवीन लागलेली, तेव्हा अजून प्रोबेशनवर होती.

आमच्याकडं अफजलपूरकडच्या एका पाणीवाटप संस्थेचं ॲप होतं. भीमेचं पाणी पंपानं उचलायचं आणि पाळीपाळीनं शेतकऱ्यांना द्यायचं. कुणाची पाळी कधी, ते ॲप मोबाइलवर कळवतं. संस्थेची एक मागणी होती. पाळी चालू असताना लाइट गेली, तर लाइट आल्यावर आधी त्याच शेतकऱ्याला उरलेलं पाणी मिळावं. हे काम सविताला दिलं. तिनं केलं. मी माझ्या डोळ्यानं बघितलं होतं.

नवीन ॲप संस्थेकडं गेलं आणि त्यांच्या चेअरमनचा फोन आला. "साहेब, लाइट गेली, आली, आन् पाणी पुढच्याला गेलं बघा. हिकडं निम्मं रान कोरडंच हाय. लोक मला शिव्या द्यायलेत."

सविताला सांगितलं. तिनं पुन्हा केलं. नवीन ॲप पुन्हा गेलं. चेअरमनचा फोनही पुन्हा आला.

कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गौतम, एक काम दोनदा सांगावं लागलं. ती म्हणते केलं, ॲपमध्ये तर नाही. या महिन्यात तिचं प्रोबेशन संपतंय. मी तिला कायम करत नाही."

"मॅडम, काम तिनं केलंय. मी बघितलंय."

"मग गेलं कुठं?"

"सोमवारपर्यंत शोधतो," म्हटलं.

"शोध. सोमवारी मी तिच्या प्रोबेशनच्या कागदावर सही करणार आहे."

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. आम्ही सगळे एकाच कोडवर, म्हणजे ॲपच्या प्रोग्रामवर, काम करतो. गिट नावाची व्यवस्था त्याचा हिशेब ठेवते. प्रत्येकजण कोडची आपली प्रत घेतो, तिला ब्रँच म्हणतात. काम झालं की प्रती एकमेकींत मिसळायच्या, तो मर्ज. दोघांनी त्याच ओळी वेगवेगळ्या बदलल्या असतील तर गिट थांबतं आणि विचारतं, यातलं काय ठेवू? हा मर्ज कॉन्फ्लिक्ट. त्याचं उत्तर माणसानं द्यायचं असतं.

मी गिटची हिस्टरी, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याची नोंद, उघडली. सविताचं काम तिथं होतं. ते पुढं कुणी पुसल्याचं मात्र कुठंच दिसेना. मर्ज उघडून बघितला, तर त्या फाइलबद्दल एक अक्षर नाही. गिटची ही एक खोड आहे. मर्जनंतरची फाइल एका बाजूच्या फाइलशी तंतोतंत जुळली, तर त्यात दाखवण्यासारखं काही नाही असं ते धरून चालतं. मग मी ती फाइल दोन्ही बाजूंशी वेगवेगळी ताडून बघितली. शिवाण्णांच्या बाजूशी काडीचाही फरक नव्हता. सविताच्या बाजूशी ताडली तर तिच्या सगळ्या ओळी गायब. आणि मर्ज करणारी सविताच होती. दोन्ही वेळा.

तिला बोलावलं.

"सविता, हा मर्ज तू केलास?"

"व्हय दादा."

"मग स्वतःच्याच ओळी काढल्यास कामून?"

तिनं स्क्रीनकडं बोट केलं. "समोर अण्णांचं होतं."

"म्हणून?"

"अण्णांचं कसं काढू मी? इतकी वर्षं करायलेत ते. त्यांनी माझं बघूनच लिहिलं असंल की. न्हाईतर माझंच चुकलं असंल."

"मग मॅडमला सांगायचं न्हाई का?"

"काय सांगू? अण्णांमुळं गेलं म्हणू?"

शेजारच्या खुर्चीत शिवाण्णा ऐकत होते. ते तिच्याकडं वळले. "अय्यो, सविता! मी तुझं काहीच बघितलं नाही गं. मी पंपाला लागणाऱ्या थ्री-फेज लाइटच्या वेळा बसवायलो तिथं. तू काय करायलीस मला काय ठाऊक!"

"तुम्हाला कॉन्फ्लिक्ट आला न्हाई का कधी?" मी विचारलं.

"कधीच नाही रे. मी म्हणायचो, वा, आपला कोड किती सरळ जायलाय!"

सरळ जाणारच. सगळे कॉन्फ्लिक्ट सविता गिळत होती.

यात आमच्या पद्धतीचाही वाटा होता. आम्ही ब्रँचला माणसाचं नाव द्यायचो. कॉन्फ्लिक्ट आला की गिट त्या ओळींच्या वर-खाली खुणा करतं आणि खुणेला ब्रँचचं नाव लावतं. म्हणजे कोडच्या आधी सविताला 'शिवाण्णा' दिसायचं. पुढचं वाचायची तिला गरजच वाटायची नाही. मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना घरी शिकवलेलं. पंगतीत ते शोभतं. कोडात त्यानं कुणाचं तरी रान कोरडं राहतं.

मी आधी ब्रँचची नावं कामावरून ठेवली. एक 'वीजवेळ', दुसरी 'उरलेली पाळी'. मग तिघांच्या मशीनवर मर्ज टूल बसवलं. यात वर तीन खण असतात. दोन खणांत दोघांनी केलेले बदल, आणि तिसऱ्यात दोघांनी हात लावायच्या आधीचा मूळ कोड. खाली निकाल. मूळ कोड दिसायला लागला की कुणी काय घातलं, काय काढलं, हे नजरेत भरतं. दोनच बाजू दिसत असतील तर माणूस बाजू निवडत बसतो.

टूलनं पहिल्याच दिवशी घोळ घातला. प्रत्येक मर्जनंतर ते जुन्या फाइलची एक जादा प्रत सोडतं, आणि त्या प्रती शिवाण्णांच्या हातून मुख्य कोडात गेल्या.

"गौतम, तुझं टूल अंडी घालायलंय रे," ते म्हणाले. एक सेटिंग बंद केली, अंडी थांबली.

मग सविताला कीबोर्डवर बसवलं. शिवाण्णा बाजूला.

"अण्णा, तुमची ही ओळ खाली घेऊ का?"

"थांब. लाइटची वेळ आधी तपासायला पाहिजे. लाइटच नसली तर उरलेली पाळी चालवतीस कशावर?"

सवितानं माउस सोडला. मला वाटलं, झालं, परत मागं सरली. पण ती मूळ कोडाचा खण वाचत होती.

"पण अण्णा, वेळ संपली की तुमची ही ओळ पाळीच पुसून टाकती. पाळीच न्हाई राहिली तर उरलेली कुठून आणू?"

शिवाण्णा पुढं वाकले. ओठ हलवत वाचलं. परत वरून वाचलं.

"व्हय की," ते म्हणाले. "काढ ती."

"मी काढू?"

"मग मी काढू होय? कीबोर्ड तुझ्यापुढं आहे."

तिनं ओळ काढली. वेळेची तपासणी वर ठेवली, उरलेली पाळी तिच्या खाली बसवली. दोघांचंही काम राहिलं. त्यांचं मुळात भांडणच नव्हतं. एकाच जागी दोघांनी दोन गरजेच्या गोष्टी घातल्या होत्या.

ते ॲप लगेच संस्थेकडं पाठवलं. सोमवारी सकाळी चेअरमनचा फोन मी मॅडमच्या केबिनमध्येच स्पीकरवर घेतला. "काल लई येळा लाइट गेली साहेब. पर पाणी ज्याचं त्यालाच गेलं बघा."

मॅडमनी विचारलं, "म्हणजे तिनं पहिल्या वेळीच बरोबर केलं होतं?"

"पहिल्या वेळीच."

"मग बोलली का नाही ही मुलगी?"

"आता बोलायलीय मॅडम. शिवाण्णांना विचारा."

मॅडम हसल्या आणि कागद पुढं ओढला.

या धंद्यात मी एवढं शिकलो की टूल भांडण दाखवतं, मिटवत नाही. आणि ज्याच्या कोडात कधीच कॉन्फ्लिक्ट येत नाही, त्याच्या शेजारी कोण गप्प बसलंय ते एकदा बघून घ्यावं.

सविता कायम झाली. मुख्य कोडात काय जाईल आणि काय नाही, हे आता तीच बघते. गेल्या आठवड्यात तिनं शिवाण्णांचं काम दुरुस्तीसाठी परत पाठवलं, आणि त्यांनी ते दुरुस्त करून दिलं.