बटणाच्या गोष्टीची फीत

फिटरकाकांच्या दारावरून जाताना भंगारवाला आवाज देत नसे. "तिथे काय मिळणार? उलट माझ्याच पोत्यातलं काहीतरी मागून घेतील," असं तो तळमजल्यावरच्या शिंपिणीला म्हणाला होता आणि तिने ते तत्परतेने वर पोचवलं. काकांना राग आला नाही. उलट कुणीतरी आपली किंमत ओळखली, असं वाटून ते दिवसभर खुशीत होते.

त्यांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेला. तिथे साधा वायसर मागवला तरी तो मंजूर होऊन येईपर्यंत ऋतू बदलायचा. तोवर पंप थांबवून चालत नसे, म्हणून फुटलेल्या ट्यूबचाच वायसर कापून बसवायचा. ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली आणि घरचीच होऊन राहिली. तेलाचा डबा उभा कापून त्याची केर भरायची सुपली झाली. शाम्पूच्या बाटलीचं नरसाळं झालं. जोडीदार हरवलेला मोजा हातात चढवून पंख्याची पाती पुसायची, झिजलेल्या ब्रशाने खिडकीच्या खाचेतली माती काढायची. बायकोच्या विटलेल्या परकराला तर निवृत्ती अशी नव्हतीच. आधी उशीचा अभ्रा, मग फडकं, मग पायपुसणं, आणि शेवटी दाराच्या फटीत.

या कामाची त्यांची एक पद्धत होती. वस्तू हातात आली की आधी तिच्यावरचं नाव काढायचं. बाटली कोमट पाण्यात भिजत घालायची, लेबल सोलायचं, उरलेला चिकटा तेलाचं बोट लावून चोळून काढायचा.

"नाव आहे तोवर ती दुसऱ्याची," ते म्हणत. "नाव गेलं की आपली."

"मग माझंही नाव काढा की एकदा," बायको म्हणायची. "म्हणजे मीही या घरात काही कामाला येईन."

"तुझं कसं निघणार? तुला चिकटा फार."

बायको बोलकी होती. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की ती लेकीला घेऊन पलंगावर बसे आणि एका निळ्या बटणाची गोष्ट सांगे. शर्टावरून तुटून पडलेलं ते बटण आपला शर्ट शोधायला निघालेलं असायचं. ते पलंगाखाली जायचं, केरात जायचं, कुणाच्या तरी खिशात बसून थेट बाजारात जायचं. ते बाजारात पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. सकाळी डोळे चोळत तिचा पहिला प्रश्न असे, "सापडला का गं शर्ट?"

"ते शेवटी कळतं. शेवटापर्यंत जागी राहा."

ती कधीच राहिली नाही. काका तेव्हा गॅलरीत काहीतरी ठोकत, कापत, घासत बसलेले असत.

लेक शाळेसाठी वसतिगृहात जायला निघाली, तेव्हा बायकोने घरच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून अख्खी गोष्ट एका कॅसेटवर सांगितली. पण वसतिगृहात टेपरेकॉर्डर ठेवू देत नसत. सुट्टीत घरी आली तोवर लेक मोठी झाली होती. "आई, आता काय मी बटणाची गोष्ट ऐकू?" म्हणाली. मग कॉलेज, नोकरी, लग्न. कॅसेट कपाटात राहिली आणि एके दिवशी आईच गेली.

त्यानंतरचे महिने काकांना घर खायला उठे. हाताला काम हवं म्हणून त्यांनी कपाट उपसलं. कॅसेटच्या पारदर्शक डब्या त्यांना फार आवडल्या. खिळे, स्क्रू, सुया, सगळं बाहेरून दिसेल, झाकणही पक्कं. पद्धतीप्रमाणे त्यांनी डब्यांतली नावांची कार्डं काढून टाकली. बायको नाव कार्डावरच लिहीत असे, कॅसेटवर कधीच नाही. उघड्या पडलेल्या कॅसेटी सगळ्या सारख्याच दिसत होत्या. सिनेमाची जुनी गाणी असतील, आता कोण ऐकतंय, असं म्हणत त्यांनी त्या एका पिशवीत भरल्या.

पुढे उन्हाळ्यात गॅलरीत कबुतरं आली. तेव्हा काकांनी त्या कॅसेटींमधल्या फिती ओढून काढल्या आणि कठड्यापासून पावसाच्या पाण्याच्या नळापर्यंत आडव्यातिडव्या ताणून बांधल्या. उन्हात त्या चमचमत, वाऱ्यात गुणगुणत. कबुतरं फिरकेनाशी झाली. अख्खी इमारत बघायला आली. शिंपीण म्हणाली, "काका, डोकं आहे बाई तुम्हाला!" बायको गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी शाबासकी दिली होती.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते.

"बाबा, रविवारी येतेय. आईची ती कॅसेट काढून ठेवा हं. बाळाला ऐकवीनच, पण आधी मला ऐकायचीय. बटणाला शर्ट सापडला की नाही, मला अजून माहीत नाही."

"हो," काका म्हणाले. फोन ठेवून गॅलरीकडे वळले आणि तिथेच खाली बसले.

रविवारी लेक आली तेव्हा ते स्टुलावर उभे राहून गाठी सोडवत होते. खाली वर्तमानपत्रावर फितीचे पुंजके पडले होते. उन्हाने फीत चुरगळली होती, बोट लावलं की तपकिरी भुकटी हाताला येत होती.

"बाबा, उतरा आधी. हे काय चाललंय?"

"गोष्ट असेल यात कुठेतरी," ते म्हणाले.

तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला तरी आठवत असेल ना शेवट? तुम्ही रोज इथेच तर असायचात."

"कानावर पडायची," काका म्हणाले. "ऐकत नव्हतो."

नळाच्या मागे, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे तुकड्यातुकड्यांनी थोडी फीत काळीभोर, धड राहिली होती. काकांनी कात्री, चिकटपट्टी घेऊन ती एका रिकाम्या कॅसेटमध्ये बसवली, पेन्सिल घालून गुंडाळली. काम चोख झालं. शिंपिणीकडून तिचा जुना टेपरेकॉर्डर आणला. पहिले दोन तुकडे लावले तेव्हा गाणीच निघाली. तिसऱ्यात खरखर झाली, आणि मग ती आली.

"...तर बटण म्हणालं, मी काय असा तसा..."

ठक. ठक. ठक.

"अहो, जरा थांबता का? टेप होतंय इथे!"

"एवढा एक खिळा," काकांचा आवाज आला. तरुण, घाईतला.

ठक. ठक. मग बायकोचं हसणं, आणि पुढे नुसती खरखर. फीत संपली.

लेकीने ती पुन्हा लावली. पुन्हा तेच. काका तिसऱ्यांदा ऐकत होते तेव्हा प्रत्येक ठोक्याला त्यांचे डोळे मिटत होते. कुठला खिळा होता, कशासाठी ठोकत होते, काही केल्या आठवेना.

संध्याकाळी त्यांनी कॅसेट फडक्याने पुसली, चिकटपट्टीचा एक पांढरा तुकडा तिच्यावर सरळ रेषेत लावला आणि पेन उघडलं.

"काय लिहू?"

"तुमचंच नाव लिहा, बाबा. आवाज तुमचाच जास्त आहे."

तिने हे थट्टेत म्हटलं होतं, पण हसू निम्म्यावर मोडलं. ती उठून आत चहा ठेवायला गेली.

काकांनी पेन पट्टीजवळ नेलं. मग टोपण लावलं. पट्टी कोरीच राहिली. गॅलरीत फीत नव्हती, आणि कठड्यावर एक कबुतर येऊन बसलं होतं. त्यांनी त्याला हाकललं नाही. नाव नसलेली ती वस्तू त्यांच्या हातात होती, आणि त्यांच्याच पद्धतीप्रमाणे ती आता त्यांची झाली होती.