नाकमावशी आणि पिवळी पडलेली फिल्म

कारखान्यात तिला सगळे नाकमावशी म्हणत, अगदी मालकसुद्धा. तिला त्याचा राग येत नसे. उलट कुणी नुसतं मावशी म्हटलं तर आपलं काही बिनसलं की काय, असं तिला वाटे.

बावीस वर्षं ती एकाच यंत्रावर उभी होती. वापरून फेकलेल्या पॅकिंगच्या पिशव्या आणि वेष्टनं धुवायची, कापायची, वितळवून दाणे करायचे आणि त्या दाण्यांची पुन्हा पॅकिंगची पातळ फिल्म ओढायची, हा तिथला धंदा. प्लास्टिक एकदा वितळलं की दमतं, असं ती नव्या माणसांना सांगायची. उष्णता सोसायला पहिल्या वेळी त्यात जे औषध घातलेलं असतं, ते संपून गेलेलं असतं. तसंच पुन्हा तापवलं तर माल पिवळा पडतो, गाठी धरतो आणि फिल्म बोट लावताच फाटते. म्हणून वितळवताना त्यात स्टॅबिलायझरची पांढरी पावडर मिसळायची. किती, ते मात्र दर लॉटला वेगळं, आणि ते नाकमावशी ठरवायची. यंत्रातून आलेला पहिला धागा चिमट्यात धरून ती नाकाशी न्यायची आणि फर्मान सोडायची, "दोन मापं." नाहीतर, "हा पार मेटाकुटीला आलाय, साडेतीन घाला."

दोन वर्षांपूर्वी केमिस्टबाई आल्या, सोबत एक यंत्र घेऊन. तापवलेला तुकडा ऑक्सिजनमध्ये किती मिनिटं तग धरतो, ते त्यावर कळायचं. नाकमावशीनं सगळ्यांसमोर त्यांची फिरकी घेतली होती. "बाई, तुमचं यंत्र उत्तर देईपर्यंत माझं नाक घरी जाऊन जेवून येतं." सगळे खो खो हसले. केमिस्टबाईही हसल्या, आणि यंत्रावर फडकं पडलं ते पडलंच.

मग एका सोमवारी दुपारी गाद्यांना ही फिल्म गुंडाळणाऱ्या गिऱ्हाइकानं अख्खा ट्रक परत पाठवला. गोदामात रोल उलगडला आणि सगळे बघतच राहिले. फिल्म जुनाट कागदासारखी पिवळी आणि जागोजागी मोहरीएवढ्या गाठी. मालकानं नुसता अंगठा टेकला तर तो आरपार गेला.

"पावडर खोटी आहे," नाकमावशी ठामपणे म्हणाली. "खडू कालवलाय त्यानं. माझ्याकडून लिहून घ्या."

तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मालकानं तिथल्या तिथे पावडरवाल्याला फोन लावला. अकरा वर्षं माल पुरवणारा माणूस, पण त्याला तोंड उघडू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी वेगळ्या पुरवठादाराकडून नवी पावडर आली.

आणि पंधरा दिवसांनी दुसरा ट्रक परत आला.

केमिस्टबाईंनी नाकमावशीला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं, दार लोटलं. "मी यंत्र चालू केलं. जुनी पावडर चोख आहे, नवीही चोख आहे. घातली जाते ती कमी. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही एकदाही दोन मापांच्या वर गेला नाहीत."

"लॉट चांगले होते."

केमिस्टबाईंनी तापल्या तव्यावरची प्लास्टिकची एक काळपट गोळी चिमट्यानं उचलून तिच्यापुढे धरली. गोळीतून धूर निघत होता. त्यांचे स्वतःचे डोळे चुरचुरत होते, पदरानं त्या नाक दाबत होत्या. "कसला वास येतोय?"

नाकमावशीनं श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग चिमटा हातात घेऊन इतका जवळ नेला की केमिस्टबाईंनी तिचं मनगट धरलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. "बाई, काहीच येत नाही."

ती स्टुलावर बसली आणि टेबलावरच्या बाटल्या एकेक करून उघडून हुंगत सुटली. स्पिरिट, साबण, ॲसिटोन. सगळ्या बाटल्यांत पाणी भरल्यासारखं. रोज यंत्रापुढे उभी राहून ती जो वास घेत होती, तो बावीस वर्षांच्या सवयीचा होता. नाकात काही शिरतच नव्हतं.

ती तशीच घरी आली. तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीनवर बाही जोडत बसला होता. तिनं सगळं एका दमात सांगितलं. त्याचा पाय थांबला, पण चेहऱ्यावर आश्चर्य काही उमटलं नाही.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली. "तुला तीन महिन्यांपूर्वी तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. दूध करपून धूर झाला आणि तू शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतीस."

"एकदाच?"

"चारदा. भांडं मी घासून ठेवायचो."

एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिच्यापासून साधी सुई लपवली नव्हती. "आणि बोलला नाहीत?"

"तुझी सगळी ऐट त्या नाकावर गं. ती मी कुठल्या तोंडानं मोडू? वाटलं, येईल परत."

ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडण्याइतकं भानच नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तापानं वासाची नस दुखावली आहे, वास परत येईल किंवा येणारही नाही.

तिथून ती थेट मालकाकडे गेली आणि सगळ्या पाळीसमोर म्हणाली, "दोन्ही ट्रक माझ्यामुळे परत आले. पावडरवाल्याचा काही दोष नाही." मालक एवढंच म्हणाला, "त्याला मी काय काय बोललो, माहितीय तुला?"

"म्हणूनच त्याच्याकडे मी जाते. फोनवर नको."

पावडरवाल्याचं गोदाम बंद कारखान्यांच्या गल्लीत होतं. तो एकटाच पोती रचत होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"तुम्ही म्हणालात खडू, आणि ते गावभर झालं. आणखी तिघांनी माल बंद केला. माझी दोन माणसं घरी बसली, बाई."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्या एका वाक्यानं, ज्यांचा चेहराही आपण पाहिला नाही अशी दोन माणसं घरी बसली, हे तिच्या गळी उतरेना.

"त्या तिघांचे पत्ते द्या," ती म्हणाली.

तिघांकडेही ती स्वतः गेली. एकानं हसून उडवून लावलं, दोघांनी माल पुन्हा सुरू केला. घरी बसलेल्यांपैकी एकजण परतला. दुसऱ्यानं तोवर दुसरीकडे काम धरलं होतं.

वास परत आला नाही. आता ती प्रयोगशाळेत बसते. दर लॉटचा तुकडा यंत्रात ठेवते, तो किती मिनिटं टिकला ते बघते आणि केमिस्टबाईंच्या तक्त्यावरून मापं ठरवते. फिल्म पुन्हा स्वच्छ निघू लागली आहे. परवा एका नव्या माणसानं तिला नाकमावशी म्हणून हाक मारली, तेव्हा बाकीचे गप्प झाले. तिनं मात्र वळून ओ दिली आणि त्याच्या हातातला नमुना मागून घेतला.