चिंचेखालची नापसंत जागा

या ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, मराठवाड्यात तळ्याकाठी तंबू आणि कॅम्पर व्हॅन दोन्ही घेऊन मुक्काम करायचा तर जागा कशी निवडावी? उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं, की आमच्या मुक्कामाचं सगळं सांगितल्याशिवाय मला ते धड देता येणार नाही.

आधी माझ्याबद्दल. लातूरला माझं मेडिकलचं दुकान आहे. नजर लागली, अंगात आलं असं सांगत कुणी काउंटरवर आलं तर मी आधी बीपी मोजून घ्या म्हणते. देवाला हात जोडते, पण तेवढंच. त्यामुळे हे मी लिहावं याचं माझ्या नवऱ्यालाच जास्त हसू येतंय.

नवरा म्हणजे राजशेखर. त्याच्या मित्राने जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची व्हॅन केलीय... आत दोन बर्थ, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. ती आम्ही आईसाठी मागून घेतली. आई म्हणजे माझी आई, आमच्याकडेच असते. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून वॉकरशिवाय तिला उभं राहता येत नाही, आणि गाडीच्या पायरीवरून उतरवायला तर आम्ही दोघं लागतो. तिची एक जुनी इच्छा होती, पाण्याकाठी जमिनीवर बसून लिंगपूजा करायची. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते आणि त्याआधी पाण्याचा घोटही घेत नाही. लिंग अंगावर नाही तर अन्न नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम.

थंडीला नुकती सुरुवात झाली होती. कंधारच्या पुढे एक तलाव आहे, तुडुंब भरलेला. दुपारी पोचलो. पहिली जागा दिसली ती बघूनच मी म्हटलं, इथंच. सडकेच्या उजव्या हाताला उतार, खाली मोठी चिंच, चिंचेखाली सपाट दगड आणि दगडाला लागून पाणी. राजशेखर खाली उतरून बघून आला आणि नको म्हणाला. काळी माती, वर कोरडी दिसते पण आत ओली आहे, तंबू लागेल पण व्हॅन रुतेल. (प्रश्न विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आधी चालून बघा, टाच दाबून बघा, मगच गाडी घाला.)

तो जागा बघत होता तेवढा वेळ मी गाडीतच होते. आई मागच्या बर्थवर झोपली होती, तिचे पाय माझ्या मांडीवर, उन्हाचे म्हणून पडदे ओढलेले. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण पायाला मुंग्या आल्या तरी ती जागी होईल म्हणून मी हलले नव्हते.

पुढे मुरमाचा एक उंचवटा सापडला. जमीन टणक, वर वाळक्या फांद्या नाहीत, मोबाइलला रेंज. राजशेखर खूश. पाणी मात्र लांब राहिलं, मधे खडकाळ उतार. आई जागी झाली, खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "चिंचंखालची जागा बरी होती की." तिने पडद्याच्या फटीतून बघितली असेल असं मी धरून चालले. मग जरा वाईट वाटलं, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिलाच पाणी लांबून बघायला लावलं. राजशेखरने मात्र छान तंबू ठोकला आणि त्याचं कौतुक मलाच करावं लागलं.

सकाळी नेहमीसारखं आईला इन्सुलिन दिलं. आमच्या घरी क्रमच तो आहे... इंजेक्शन, मग तिची पूजा, पूजा उरकेपर्यंत नाश्त्याची वेळ होते. मी उपम्यासाठी रवा भाजत होते. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळले तर आई मांडीवर उघडी डबी घेऊन बसलेली. डबी रिकामी.

बर्थ उलटे केले, चादरी झटकल्या, राजशेखरने तंबूसुद्धा पाडला. लिंग नाही. डबीचं झाकण इतकं घट्ट की मला उघडायला नख लावावं लागतं, त्यामुळे ते आपोआप पडणंही शक्य नव्हतं. आई शांत होती. मी ग्लुकोजचं पाणी तिच्या पुढे धरलं, तिने तोंड फिरवलं. म्हटलं, सुई घेतलीयस, आता खाल्लं नाहीस तर शुगर खाली जाईल, काय होतं ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, "लिंग हातावर घेतल्याबिगर न्हाई. तू मला बाटवू नको." ओठ मिटले ते मिटलेच. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. दिवसभर लोकांना डोस समजावून सांगणारी मी, माझ्याच आईला चमचाभर साखर देऊ शकत नव्हते.

सामान तसंच टाकून आम्ही कंधारला दवाखान्याकडे निघालो. रस्ता चिंचेवरूनच जातो. तिथे आल्यावर आई पडल्या पडल्या म्हणाली, "थांबव. दगडावर बघ." मी तिच्यावर ओरडले, तू इथे उतरलीच नव्हतीस म्हणून. पण राजशेखरने ब्रेक लावला होता. वाद घालण्यापेक्षा धावत जाऊन येणं लवकर होईल म्हणून मी उतरले.

सपाट दगडावर, आईच्याच पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं लिंग होतं. फडकं ओलं होतं.

एक बाई शेळ्या घेऊन तिथेच उभी होती. मला बघून तडकलीच. म्हातारं माणूस असं टाकून जातात का, म्हणे. मला काही कळेना. ती म्हणाली, "काल दुपारी बसल्या व्हत्या की हितं, हातावर कायतरी धरून, पाण्याकडं तोंड करून. तुमची गाडी वर सडकंला उभी व्हती. मी म्हणलं, येतील न्यायला. शेळ्या वळवून बघते तर कुणीच न्हाई."

लिंग फडक्यासकट उचलून मी वर पळाले. आईने लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, पाणी वाहिलं. नेहमीची पूजा, फक्त थोडक्यात. ते तीर्थ घेतलं आणि मग स्वतःच ग्लुकोजसाठी हात पुढे केला. तिचा घाम ओसरला तेव्हा कुठे मी खाली बसले.

शेळ्यावाली मागोमाग दारापाशी आली होती. आत डोकावून आईकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या वॉकरकडे. "ह्याच त्या," म्हणाली. "पायाला काय झालं, आजी? काल तर चांगल्या चालत गेल्या पाण्यात."

आई नुसती हसली.

त्यानंतर आम्ही दोघांनी डोकं खूप खाजवलं. बाईने दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असेल, मग आईचं फडकं तिथे कसं? मला डुलकी लागली असेल, तरी गुडघ्यांचं काय, आणि खाली उतरलेल्या राजशेखरला ती कशी दिसली नाही? दवाखान्यात डॉक्टरांना शुगरचं सांगितलं, बाकीचं सांगायची हिंमत झाली नाही. एकदा घरी पोळ्या लाटता लाटता मी आईला सरळच विचारलं, तू खरंच उतरली होतीस का ग. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "पाणी लई गार होतं."

तेव्हा, जागा कशी निवडावी? जमीन टणक बघा, उंचवटा बघा, रेंज बघा, सगळं बघा. आम्हीही बघू. पण पुढच्या खेपेला चिंचेखालीच थांबायचं, गाडी रुतली तर रुतली, असं आमचं ठरलंय.