पाचशेव्या दिवसाचा चषक

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी नळवाला येऊन गेला. दुपारी धाकटा भाऊ कारखान्यातून भलामोठा चषक घेऊन आला आणि टेबलावर आदळून म्हणाला, “ताई, तुझ्याकडे ठेव. माझ्या घरात नको.”

तीस वर्षं तो तेलशुद्धीकरण कारखान्यात भट्टी सांभाळतो. जड, चिकट तेल नळ्यांतून नेत कडक तापवायचं, म्हणजे त्यातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटतात आणि पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस असं उपयोगाचं काही हाती लागतं. कामगार त्याला ‘कात्री’ म्हणतात. घरीही तो लांबलेलं बोलणं तोडतोच; माझ्या यजमानांचं एक वाक्य त्याने कधी पूर्ण होऊ दिलं नाही.

तेल तापवताना नळ्यांना आतून कोळसा धरतो, करपलेल्या दुधासारखा. तो काढायला भट्टी थांबवावी लागते. पण फाटकावर फलक आहे: ‘भट्टी अखंड चालू’, आणि पुढे दिवसांचा आकडा. पाचशेव्या दिवशी पाहुणे यायचे होते. चारशे सत्त्याण्णवाव्या दिवशी भावाला एका नळीवर लाल डाग दिसला.

“साहेब, नळी फुटेल. शेजारी सहा माणसं काम करतायत.”

“तीन दिवस कळ काढा हो! तुमच्या निवृत्तीला दोन महिने उरलेत, आता कशाला नाव घालवता?”

“नावाचं मागाहून बघू,” म्हणत त्याने भट्टी बंद केली.

नोकरी जाणार म्हणून भावजय इथे येऊन रडून गेली. झालं भलतंच. फलक कुणी थांबवलाच नाही. तो आपला मोजत राहिला. आज पाहुणे गार भट्टीपुढे उभे राहिले. साहेब म्हणाले, “बघा, आवाजसुद्धा नाही!” टाळ्या. अखंड भट्टी चालवल्याबद्दल चषक भावाला.

“तू गप्प बसलास?”

“माइकवर सांगितलं, बंद आहे म्हणून. हसले सगळे. साहेब म्हणाले, आमचे कात्री भारी विनोदी!”

“आणि नोकरी?”

“भट्टी थांबलीच नाही, तर थांबवल्याची शिक्षा कशी देणार?”

“नळी कशी निघाली?”

“फुगलेली. आणखी दिवसभरही टिकली नसती.”

“मग ती सहा माणसं?”

“होती की. टाळ्या वाजवत होती.”

मग मात्र त्याने चहा मागितला, दोन कप प्यायला.

संध्याकाळी डाव, उलथनं आणि झारा चषकात उभे करून ठेवले. तिन्ही मावतात.