शिवगंगा मॅडमचा पेपर

शिवगंगा पत्रे आणि त्यांचे यजमान भुजंगराव यांचा संसार दोन गावांत होता. त्या अहमदपूरच्या कॉलेजात संगणक शिकवायच्या, ते नांदेडच्या. शनिवारी दुपारी शेवटचा तास संपला की शिवगंगाबाई पिशवी घेऊन स्टँडवर यायच्या, लोह्यावरून जाणारी एसटी धरायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मूलबाळ झालं नाही. दोघांनी ते आपापल्या परीनं पचवलं होतं. नांदेडला तरोड्याकडं एक छोटं घर बांधलं होतं. मॅडम निवृत्त झाल्या की दोघांनी कायमचं तिथं राहायचं, असं ठरलेलं होतं.

शिवगंगाबाई मूळच्या उदगीरच्या. वडिलांचं गूळ-तेलाचं दुकान. घरात कानडी, शाळेत मराठी. इंग्रजी फक्त पाठ करण्यापुरती. बारावीला तालुक्यात नाव निघालं, म्हणून वडिलांनी हौसेनं नांदेडला संगणक शिकायला धाडलं. तिथं पहिले काही महिने त्या बहिऱ्यासारख्या बसून राहिल्या. शिकवणारे इंग्रजीत बोलत, फळा इंग्रजीनं भरत आणि तास संपला की निघून जात. एक दिवस त्या जिन्यात बसून रडत असताना वर्गातल्या एका मुलानं पाहिलं. मुखेडकडचा, उंच, जरा तोतरा बोलणारा भुजंग. त्यानं वही मागितली, 'स्टॅक' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "लग्नाच्या पंगतीत ताटांची चळत लावतात का नाही? शेवटी ठेवलेलं ताट पहिलं उचलतात. एवढंच आहे हे. नाव तेवढं इंग्रजी आहे."

त्या दिवसापासून तो रोज अर्धा तास मराठीत समजावून सांगायचा. वर्षाच्या शेवटी शिवगंगा त्याच्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली. दोन्ही घरं लिंगायत, त्यामुळं पुढं लग्नालाही कुणी आडकाठी केली नाही.

विद्यापीठानं 'माहिती प्रणाली' नावाची तीन वर्षांची पदवी सुरू केली तेव्हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांत भुजंगराव होते. शिवगंगाबाईंनी त्यांना एकच गोष्ट मागितली. "पहिल्या सत्रात एक पेपर मराठीतून ठेवा. संगणक म्हणजे काय, प्रोग्रॅम म्हणजे काय, माहिती साठवायची कशी, हे सगळं आधी आपल्या भाषेत. आणि त्याच्या बरोबरीनं इंग्रजी शब्दांची ओळख. मग पुढं खुशाल इंग्रजी."

भुजंगराव त्यासाठी बैठकीत भांडले. विद्यापीठाची पातळी खाली जाईल, असं काही जण म्हणाले. ते म्हणाले, "पातळी कशानं जाते? पोरगं कळल्याशिवाय पास झालं की जाते." पेपर मंजूर झाला. कागदावर त्याला भलंमोठं नाव होतं, पण खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांत त्याला 'मॅडमचा पेपर' म्हणत. तो शिकवायचा कसा, हे शिवगंगाबाईंनी भोकर, देगलूर, निलंगा असं फिरून इतर शिक्षकांना दाखवलं. तांड्यातून, वाडीतून आलेली पोरं त्या एका पेपरावर उभी राहत. दुसऱ्या सत्रात लंगडत का होईना, चालू लागत.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, अहमदपुरात टँकर आला की कॉलेजच्या पोरी तास सोडून घागरी घेऊन पळायच्या आणि मॅडम हजेरीत त्यांचं नाव लावून टाकायच्या. त्याच उन्हाळ्यात पदवीचा अभ्यासक्रम बदलायचं ठरलं. पुण्याच्या कंपन्यांतली माणसं म्हणून गेली होती की इकडच्या मुलांना प्रत्यक्षात काही येत नाही. शेवटच्या वर्षाला मोठा प्रकल्प सक्तीचा करायचा, दोन नवे विषय आणायचे. पण एकूण क्रेडिट वाढवायचे नाहीत, असा वरचा नियम. म्हणजे काहीतरी काढावं लागणार.

अभ्यास मंडळाचे अध्यक्ष आता भुजंगराव होते. शिवगंगाबाई कॉलेजच्या वतीनं सदस्य होत्या. बैठक एप्रिलमधल्या एका शनिवारी, नांदेडला विद्यापीठात. खिडक्यांना ओले पडदे लावायलाही पाणी नव्हतं. सकाळपासून चर्चा चालली. दोन विषय एकत्र केले, एक पुढं ढकलला, तरी चार क्रेडिट जास्तच होत होते. दुपारी सगळे कंटाळले. निवृत्ती देशमुख म्हणून एक ज्येष्ठ सर होते, थट्टेखोर. पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता ते म्हणाले, "अध्यक्ष साहेब, सगळ्यात हलका पेपर कोणता हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण तो वहिनींचा! त्याला हात कोण लावणार?"

सगळे हसले. शिवगंगाबाईही हसल्या. त्यांना खात्री होती, आता हे पहिल्या वेळी बोलले होते तेच बोलतील.

भुजंगरावांचा चेहरा लाल झाला होता. तोतरेपणा वयाबरोबर गेला होता, पण राग आला की परत यायचा. "पे... पेपर कुणाच्या घरचा नाही," ते म्हणाले. "काढून टाका."

निवृत्ती सर गडबडून म्हणाले, "अहो, मी आपलं सहज..."

"सहज नाही. काढा तो. चार क्रेडिट बसतात."

शिवगंगाबाईंना बरंच बोलायचं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग खेड्यातल्या पोरांचं काय?"

भुजंगरावांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "ज्यांना गरज वाटेल त्या कॉलेजांनी जादा तास घ्यावा. ऐच्छिक."

ठराव झाला. नंतर चहा आला.

त्या दिवशी दोघं एकाच रिक्षानं घरी गेले. दार उघडून आत आल्यावर शिवगंगाबाई चपलाही न काढता उभ्या राहिल्या. "का केलंत असं?"

"लोक काय म्हणाले असते?" भुजंगराव म्हणाले. "अध्यक्षानं बायकोचा पेपर वाचवला, असं विद्यापीठभर झालं असतं."

"तो माझा पेपर होता का?"

"सगळे तेच म्हणत होते. तूही तिथंच होतीस."

"म्हणू द्यायचं होतं हो. नवऱ्यानं बायकोचं ऐकलं, असं म्हणाले असते. काय बिघडलं असतं?"

भुजंगरावांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाले, "जादा तास घे की तू. तुला कोण अडवणार आहे?" शिवगंगाबाईंनी स्वयंपाक केला, वाढलं आणि सोमवारची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी अहमदपूरला निघून गेल्या.

जूनमध्ये नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला. पहिल्या वर्षाला अयोध्या नावाची मुलगी आली. तिचे वडील ग्यानोबा मार्केट यार्डात हमाल. दुष्काळात यार्डात मालच येत नव्हता, तेव्हा ते पोती उचलायची सोडून टँकरवर पाइप धरायला जात. गाव तालुक्यापासून आत. अयोध्येला बारावीला विज्ञानात इतके चांगले मार्क होते की प्राचार्यांनी स्वतः तिचं कौतुक केलं. सडपातळ, दोन वेण्या, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची सवय.

शिवगंगाबाईंनी जादा तास लावला. पण लावायचा कधी? वेळापत्रक सकाळपासून दुपारपर्यंत भरलेलं. दुपारनंतर गावाकडच्या गाड्या निघून जात. म्हणून त्यांनी सकाळी, पहिल्या तासाच्या आधी, वर्ग ठेवला. गावातली पोरं आली, पण त्यांना तशी गरज नव्हती. ज्यांना गरज होती त्यांची पहिली एसटीच मुळी कॉलेज सुरू व्हायच्या वेळेला येई. पेपर होता तेव्हा तो वेळापत्रकात होता. प्रत्येकाला बसावंच लागे आणि त्याचे मार्क मिळत. बिनमार्कांचा तास हळूहळू ओस पडला.

अयोध्या मात्र यायची. गावातून दूध घेऊन येणाऱ्या जीपमध्ये कॅनच्या मधे बसून यायची. मॅडम मराठीत सांगायच्या तेव्हा तिचे डोळे चमकत. एकदा तिनं स्वतःहून फळ्यावर यार्डातल्या आडतीचा सगळा कारभार मांडून दाखवला. माल कुणाचा, वजन किती, घेणारा कोण, आणि यातली कोणती माहिती एकदाच लिहिली तरी पुरते. वर्ष-वर्ष शिकूनही मुलांना जे नीट उमगत नाही ते तिनं आपल्या आपण शोधलं होतं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. वर्गात त्या दोघीच होत्या.

दिवाळीच्या आधी ती जीप बंद झाली. दूधवाल्यानं मार्ग बदलला. अयोध्येचं सकाळी येणं थांबलं. दिवसाच्या तासांना ती मागच्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची. मॅडम स्वतःच्या तासाला मधेच मराठीत सांगत, पण त्यांच्याकडं एकच विषय होता. इतर शिक्षकांना नवा अभ्यासक्रम पुरा करायची घाई.

निकाल लागला. अयोध्या एक सोडून सगळ्या विषयांत नापास. पास झाली ती मॅडमच्या विषयात. त्यानंतर ती कॉलेजला आलीच नाही.

आठ-दहा दिवस वाट पाहून शिवगंगाबाई तिच्या गावी गेल्या. पत्र्याचं घर, दारात तुळस. ग्यानोबा घरीच होते. त्यांनी घाईघाईनं बाजेवर घोंगडी टाकली.

"बसा बाई. लांबून आलाव."

"अयोध्या कुठं आहे?"

"हाय की घरात. भाईर येत न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगी रोज रडायलीय बाई. जेवत न्हाई. तिची माय म्हणली, राहू द्या ते कालेज, पोरगी तरी राहील. काय चुकलं आमचं?"

"परीक्षा परत देता येते, ग्यानोबा. मी शिकवीन. माझ्या घरी ठेवा तिला, अहमदपुरात. मी एकटीच असते."

"तुमी लई चांगल्या हाव. पण तिलाच इचारा."

अयोध्या चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. मॅडम तिच्या शेजारी खाली बसल्या. मग अयोध्या म्हणाली, "मॅडम, मला डोकंच न्हाई."

"असं म्हणू नको. तू यार्डाचं मांडून दाखवलं होतंस, ते मला कॉलेजात असताना जमलं नसतं."

"तुमी मराठीत सांगता तवा कळतं. पण पेपरात तुमी नसता." ती ओढणी गुंडाळत राहिली. "समदे म्हणायचे, हुशार हाय, हुशार हाय. आता त्यायला तोंड कसं दाखवू? मी हुशार नव्हतेच मॅडम. आपल्या शाळेपुरती होते."

शिवगंगाबाईंनी तिचा हात धरला. खूप सांगितलं. आपण स्वतः जिन्यात बसून रडलो होतो, तेही सांगितलं. अयोध्येनं सगळं ऐकलं, मान हलवली आणि शेवटी म्हणाली, "चहा घेता का?"

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा चाकूरचा, गिरणी होती. मॅडम लग्नाला गेल्या, साडी नेसवली. अयोध्येनं वाकून नमस्कार केला, पण डोळे वर केले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी त्या नांदेडला गेल्या. वर्षभर त्या जात होत्याच. धुणं-भांडी, बाजार, सोमवारी परत. पण मनातलं बोलणं थांबलेलं होतं. त्या दिवशी जेवताना त्यांनी अयोध्येचं सगळं सांगितलं. न रडता, वर्गात सांगावं तसं. भुजंगरावांचा घास हातात राहिला. खेड्यातल्या कॉलेजांचे निकाल त्यांनीही पाहिले होते. त्यांना कळलेलं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडतो. पे... पेपर परत आणतो."

"आणा," शिवगंगाबाई म्हणाल्या. "पण त्या पोरीला आता काय सांगू?"

पेपर परत आला नाही. भुजंगरावांची मुदत संपली, मंडळ बदललं आणि नवे अध्यक्ष म्हणाले की नुकताच केलेला बदल लगेच फिरवला तर विद्यापीठाचं हसं होईल. भुजंगराव दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन बसले. तिसऱ्यांदा शिपायानं साहेब नाहीत म्हणून सांगितलं.

शिवगंगाबाईंनी आणखी दोन तुकड्या शिकवल्या. दर वर्षी पहिल्या सत्रानंतर मागचे बाक रिकामे होत. निकालाच्या दिवशी त्या कॉलेजात यायचं टाळू लागल्या. मग त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सगळ्यांना वाटलं, आता मॅडम नांदेडच्या घरी जाणार. त्यांनी सामान उदगीरला नेलं.

वडील वारले होते. आई पार्वतम्मा थकल्या होत्या, दुकान भाऊ रेवणप्पा बघत होता. तो उदगीर जिल्हा व्हावा म्हणून झगडणाऱ्या समितीत होता. आठ-पंधरा दिवसांनी दुकान बंद ठेवून मोर्चाला जायचा. "जिल्हा झाला ना अक्का, की इथं मोठं कॉलेज होईल. तुला घरी बसू देणार नाहीत बघ," असं तो उत्साहानं म्हणायचा. शिवगंगाबाई हसायच्या आणि आईच्या औषधाची वेळ बघायला आत जायच्या. शेजारच्या पोरांना शिकवा, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणायच्या.

भुजंगराव रविवारी यायचे. निवृत्त झाल्यावरही यायचे. पहिल्यांदा घरात यायचे, मग दुकानातल्या बाकड्यावरच बसू लागले. रेवणप्पा चहा मागवायचा, जिल्ह्याचं सांगायचा. ते ऐकत राहायचे. मधेच आतल्या दाराकडं बघायचे.

एका रविवारी ते उठून आत गेले. शिवगंगाबाई ज्वारी निवडत होत्या. तोंडावर ऊन पडलं होतं.

"अर्धं घर बंद राहून खराब व्हायलंय," ते म्हणाले. "चल की."

शिवगंगाबाईंनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. भुजंगराव उंबऱ्यात तसेच उभे होते. केस पांढरे झालेले, हातात रिकामी पिशवी.

"भाकरी टाकते," त्या शेवटी म्हणाल्या. "जेवून जा. चारची गाडी मिळंल तुम्हाला."