अपुरा पट्टा

इथली, अमेरिकेतली, डॉक्टरकीची परीक्षा पास झाले होते, तरी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातली प्रशिक्षणाची जागा, कोणी देईना. नागपूरची मेडिसिनमधली एम.डी. कोणाच्या खिजगणतीत नव्हती. "एखादा रिसर्च पेपर नावावर हवा," प्रत्येक मुलाखतीत हेच. म्हणून पिस्कॅटवेच्या घरून रोज ड्राइव्ह करून एका नॉर्वेजियन प्रोफेसरांकडे मदतनीस म्हणून जाऊ लागले. काम एकच, लोकांचा रक्तदाब मोजायचा.

सर मेडिसिनचे प्रोफेसर. बाप मच्छीमार. आधी उत्तर नॉर्वेत बोटीतून बेटोबेटी फिरणारे सरकारी डॉक्टर, मग संशोधन, पन्नाशीत अमेरिका. तिकडच्या खारवलेल्या माशांमुळे मीठ आणि रक्तदाब हा विषय त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच. पेशंटशी अर्धा अर्धा तास जेवणाबद्दल बोलत. विभागप्रमुख वैतागत.

दोन वर्षांनी पेपर लिहून जर्नलला पाठवला. त्याच आठवड्यात एका लठ्ठ बाईंचं ब्लडप्रेशर घेताना सर शेजारी येऊन उभे राहिले. यंत्राचा पट्टा बाईंच्या दंडाला पुरत नव्हता.

"सगळ्यांना हाच वापरलात?"

"हो सर. एकच होता."

ते खुर्चीत बसले. "जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा जास्त येतो. मोठा मी मागवायला हवा होता. चूक माझी."

दंडाची मापं आम्ही लिहिलीच नव्हती.

"सर, निदान बारीक लोकांचे आकडे ठेवू."

"बारीक कोण होते, आठवतं तुम्हाला?"

त्यांनी पेपर मागे घेतला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. राग त्यांचा आला, त्याहून स्वतःचा. पट्टा सुटायचा तेव्हा मी नुसता दाबून धरत होते. एम.डी.ला शिकलेलं तेव्हा कुठे गेलं होतं?

दाखवायला काहीच नाही म्हटल्यावर सरांचं अनुदान बंद झालं. ते परत उत्तर नॉर्वेला, एका लहान हॉस्पिटलात गेले. जाताना मला दोन पानी शिफारसपत्र दिलं. त्यात पट्ट्याची सगळी हकीकतही लिहिलेली.

"हे कशाला, सर?"

"त्यानंतर तुम्ही एकही आकडा बदलला नाहीत, म्हणून."

मुलाखती घेणारे पट्ट्यापर्यंतच वाचायचे. आणखी दोन वर्षांनी रेसिडेन्सी मिळाली, ती सायकियाट्रीत. मेडिसिन कायमचं सुटलं. हीच शाखा का निवडली, असं अजून लोक विचारतात. निवडली नव्हती, एवढंच मी सांगते.