चिमण्यांच्या वाटणीचा तुकडा

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी पुन्हा गप बसणार, मला माहितीय. मी मिशनच्या दवाखान्याच्या हपिसात बसून राह्यले, मराठी टाइपाच्या मशीनसमोर. मुन्शीजी जेवायला गेलेत. ते येईस्तोवर मशीन माझं. काने-मात्रे सुटले तर सांभाळून घ्या, बोटं मनाच्या मागं पळून राह्यलीत आणि मन काही थांबत न्हाई.

झालं असं की आज सकाळी आईनं माझ्या हातात सुरी दिली अन् म्हणली, "या शनिवारी रोटी तू काप."

बस. एवढंच. अन् मी इथं पळत आले.

आम्ही ख्रिस्ती. जालन्यात मस्तगडला राहतो. बाबा उपदेशक, बैलगाडीनं गावोगाव फिरून प्रभूचं वचन सांगतात. आमच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. रोटीचा एक तुकडा आणि मनुकांचं पाणी. द्राक्षाचा रस इथं कुठून आणायचा? म्हणून आई आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजू घालते, कुस्करते, फडक्यातून गाळते. बाजारातली डबलरोटी घेते, कडा काढते आणि बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे कापते. मला कळतंय तवापासून हे काम आमच्याच घरी. लेकरांना मात्र तो तुकडा मिळत न्हाई. मोठं व्हायचं, पाळकसाहेबांकडं शिकायचं, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून 'माझा विश्वास आहे' म्हणायचं, मंग मिळतो. माझ्या बरोबरीच्या पोरींनी कवाच घेतला. मी अठराची झाले. दोनदा नाव दिलं, दोनदा पळाले. एकदा डोकं दुखल्याचं सोंग केलं, एकदा सरळ अंबडला मावशीकडं जाऊन बसले. या रविवारी तिसरी वेळ.

का पळाले, तेच सांगते. आजवर हे फक्त घरच्यांना अन् दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना माहितीय.

मी अकरा वर्षांची होते, भाऊ सातचा. त्याला मुदतीचा ताप आल्ता. दवाखान्यात एक खाट रिकामी नव्हती, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणल्या, घरीच ठेवा, मी येत जाईन. एकवीस दिवसांची मुदत. तवर पोटात घास जाऊ द्यायचा न्हाई. मुगाचं गाळीव पाणी, ताकाची निवळी, बस. का म्हणून ते मला कुणी सांगितलं न्हाई, लेकरांना कोण सांगतं? मला एवढंच दिसायचं की भाऊ दिवसभर 'भाकर, भाकर' करायचा आणि आई तोंड फिरवून डोळे पुसायची. बाबा तेव्हा टेंभुर्णीकडं गेल्ते. चिठ्ठी पाठवली होती, पण चिठ्ठी कवा पोचणार अन् ते कवा निघणार.

शेजारी एक मारवाडी काकी होत्या. मुगाचं पाणी त्याच आणायच्या, दोनदा गाळून, वाटीवर झाकण ठेवून. जीभ मात्र लई तिखट. सतराव्या दिवशी उंबऱ्यात बसून म्हणल्या, "ओ बाई, सकाळ-दुपार गुडघे टेकून राह्यल्या तुम्ही. तुमचा देव बहिरा तर न्हाई?"

आई म्हणली, "ऐकतो हो काकी."

"ऐकत असंल बराबर. पण जवाब टेंभुर्णीच्या टपालानं पाठवतो वाटतं!"

आई हसली. सतरा दिवसांत पहिल्यांदा हसली. मला मात्र काकीचं म्हणणं लागलं. कारण मला बी तेच वाटून राह्यलं होतं. आई डोळे मिटायची, ओठ हलवायची, अन् उठली की पुन्हा तीच मिठाच्या पाण्याची पट्टी, पुन्हा तोच थरमामीटर. मी थरमामीटर हिसकून बघायचे. पारा जागचा हलायचा न्हाई. मला एका जागी बसवत नव्हतं. दाराशी जा, खाटेशी ये, पुन्हा दाराशी जा.

तो दिवस रविवारचा, प्रभुभोजनाचा. पोरगं तापात असून आईनं रोटी कापली, मनुका गाळल्या. काकी भावाजवळ बसल्या अन् आम्ही तासाभरासाठी देवळात गेलो. पाळकसाहेबांनी त्या बाईची गोष्ट सांगितली, बारा वर्षं आजारी होती, गर्दीत घुसली अन् प्रभूच्या कपड्याच्या काठाला नुसतं शिवली. बरी झाली. तिनं विचारलं न्हाई, परवानगी घेतली न्हाई. नुसतं शिवली! मी बाकावर ताठ झाले. पुढं ताटात आईनं कापलेले तुकडे होते, पांढऱ्या कापडाखाली. 'हे माझं शरीर' असं पाळकसाहेब त्याच तुकड्यांबद्दल म्हणत होते. काठाला शिवून बाई बरी होते, मंग हे तर पुरं शरीर!

उपासना झाल्यावर उरलेले तुकडे ताटासकट आमच्या घरी यायचे. आईचा नेम होता, ते चुलीत टाकायचे न्हाईत, घरात खायचे न्हाईत, अंगणाच्या भिंतीवर चिमण्यांना घालायचे. त्या दिवशी तिला येळ नव्हता. ताट माझ्या हातात देऊन म्हणली, "जा, चिमण्यांना घालून ये."

मी घातले. एक सोडून. एक मुठीत ठेवला. चिमण्यांना चालतं, मंग माझ्या भावाला का न्हाई?

आई चुलीपाशी होती. मी भावाच्या कानाशी गेले. "आ कर. देवाघरचं औषध हाय."

"कडू हाय का?"

"न्हाई. चावू नको, नुसतं गिळ."

सतरा दिवसांचं उपाशी पोरगं ते. त्यानं चावलं. डोळे मोठ्ठे करून चावलं, गिळलं अन् म्हणला, "अजून दे."

हे 'अजून दे' मला अजून ऐकू येतं. भर बाजारात ऐकू येतं.

मी खाटेच्या पायाशी बसले अन् ताप उतरायची वाट बघू लागले. त्या बाईला तर लगेच बरं वाटलं होतं. मी दर घटकेला त्याच्या कपाळाला हात लावायचे. दुपार कलली. अन् मंग त्यानं गुडघे पोटाशी घेतले, तोंड वाकडं केलं, अन् कण्हायला लागला. त्याआधी तो रडायचा, चिडायचा. कण्हला कधी नव्हता.

काकींनी माणूस धाडला, डॉक्टरीणबाई टांग्यातून आल्या. पोट दाबून बघितलं. मान वर न करता विचारलं, "काही खायला दिलं?"

"न्हाई बाई."

"एखादं शीत? भाकरीचा चुरा?"

"देवासमोर सांगते बाई, पाण्याबिगर कायबी न्हाई."

मी दारात उभी होते. आई कधी शपथ घेत न्हाई, बाबांनी घरात शपथ बंद केली होती. अन् ती देवाचं नाव घेऊन खोटं बोलून गेली, माझ्यापायी, तिला माहीत बी नसताना. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "या तापात आतडी ओल्या कागदासारखी होतात. जड काही गेलं अन् फाटली, तर माझ्या हातात काही राहत न्हाई. काही दिलं नसंल तर दुखणं वायूचं असंल. औषध पाठवते, ते पाजा; पण पोटात काही गेलं असंल तर त्याचा थेंबही नको."

ओल्या कागदासारखी. मी तिथून पळाले.

कुठं पळाले ते विचारू नका. देवळाशी गेले तर कुलूप. परत आले. अंगणात भिंतीवर एक तुकडा तसाच पडला होता, तो बघून पुन्हा पळाले. काकींच्या दारात जाऊन उभी राह्यले. काकी मूग निवडत होत्या. "काय गं, पायाला चटके बसून राह्यले का? बस जरा." बसता येईना. "तुझ्या आईनं काही मागितलं का?" मी मान हलवली अन् पुन्हा पळाले. मनात एकच, सांगितलं तर आईच्या नजरेत मी भावाला मारणारी. न्हाई सांगितलं तर दवाखान्यातून ते पातळ औषध येईल, आई ते पाजंल, अन् कागद फाटंल.

दिवा लावायच्या वेळेला घरी शिरले. आई खाटेशी गुडघे टेकून होती. मी तिच्या पाठीमागून एका दमात बोलून टाकलं, "आई मी त्याला प्रभुभोजनाचा तुकडा दिला."

आईनं डोळे उघडले. ओरडली न्हाई. विचारलं, "चावला का गिळला?"

"चावला."

"केवढा?"

मी बोटाचं पेर दाखवलं.

आई उठली. प्रार्थना अर्धी होती, आमेन बी म्हणली न्हाई. अनवाणी पळत दवाखान्यात गेली. आयुष्यभर मी तिला प्रार्थना पुरी केल्याशिवाय उठताना बघितलं न्हाई, तेवढ्या एका वेळेचं सोडून. परत आली तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत कापूस होता. म्हणली, "मी बाईंना सांगितलं, माझी जबान खोटी निघाली. औषध बंद. दोन दिवस थेंबभर पाणी बी न्हाई. नुसता ओला कापूस ओठाला. हलवायचं न्हाई. पोट मऊ राह्यलं तर वाचला."

"अन् कडक झालं तर?"

आईनं पदराची गाठ सोडली.

मला वाटलं आता मारणार. मारत न्हाई म्हणून मीच म्हणले, "आई, मार ना मला."

"मारायला येळ न्हाई. कापूस भिजव."

मी कापूस भिजवत राह्यले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, आता काय मागायचं देवाला? मी मागितलं तर तो ऐकंल का, मी तर चोर. आई म्हणली, "मला बी शब्द सुचून न्हाई राह्यले. तू नुसतं 'प्रभू' म्हण अन् कापूस फिरव. बाकीचं त्याला माहितीय." म्हणून मी तेच केलं. प्रभू, अन् कापूस. प्रभू, अन् कापूस. मन जरा बी शांत झालं न्हाई, खोटं कशाला सांगू. पण हात चालत राह्यले.

दुपारी बाबा आले. अंगभर धूळ. आईनं दारातच सगळं सांगितलं, माझं बी. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् खाटेशी उभं राहून प्रार्थना केली, शेवटी म्हणले, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. माझ्या डोक्यात सणक गेली. मी ओरडले, "अन् त्याची इच्छाच नसली तर? असं का म्हणता तुम्ही? वाचव म्हणा ना, वाचव!"

बाबा खाली बसले. म्हणले, "नसली तर मी भांडीन त्याच्याशी. जिवात जीव हाय तवर भांडीन. पण पोरी, भांडायला बी त्याच्याकडंच जाईन. दुसऱ्या कुणाच्या दारी जाऊ?"

अन् बाबा रडले. उपदेशक बाबा, शंभर माणसांत मोठ्यानं बोलणारे, लेकरासारखे रडले. मला वाटायचं विश्वास असला की माणसाला भीती वाटत न्हाई. त्या दिवशी बघितलं, दोन्ही एकाच माणसात बसतात.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं. दोनदा दाबलं. "मऊ आहे," म्हणल्या. काकी उंबऱ्यात होत्या, त्यांनी आपल्या देवाला हात जोडले, आईनं आपल्या. पुढं ताप उतरायला लई दिवस गेले, अन् उतरताना भावाचा डावा कान घेऊन गेला. त्या कानानं त्याला आज बी ऐकू येत न्हाई. काकींनी बहिऱ्या देवाची ती थट्टा पुन्हा कधी केली न्हाई.

तापानं कान गेला, का माझ्या तुकड्यानं दुखणं लांबलं म्हणून? डॉक्टरीणबाई म्हणल्या, या तापात कान जातात. पण त्या माझं तोंड बघून तसं म्हणल्या, म्हणून मला खात्री वाटत न्हाई.

पुढच्या महिन्यात आईनं मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली. पोरगं वाचलं म्हणून प्रभूचे उपकार मानले. माझा तुकडा तेवढा गाळला. मी बाकावर बसून खाली बघत होते. तवापासून ते ताट समोर आलं की मला पळावं वाटतं.

आज सकाळी सुरी हातात घेऊन मी विचारलंच, "तू तेव्हा का सांगितलं न्हाई?"

"मंडळीला कशाला? ते तुझं अन् प्रभूचं." मंग काळ्या मनुका निवडत म्हणली, "त्या दिवशी या घरात सगळ्यात जास्त विश्वास तुझा होता. अन् अक्कल सगळ्यात कमी."

"अन् कान?"

"ते मला न्हाई माहीत. मी बी रोज विचारते प्रभूला."

सात वर्षं! सात वर्षं रोज विचारून राह्यली अन् जवाब न्हाई, तरी दर महिन्याला रोटी कापतेच. भाऊ तिथंच होता, उजवा कान आमच्याकडं करून. म्हणला, "ताई, खरं सांगू का, त्या तुकड्याला काही चवच नव्हती." अन् गेला शाळेत, उर्दूचं पुस्तक बगलेत मारून.

मुन्शीजींच्या चपला वाजल्या पायरीवर. शनिवारी मी रोटी कापणार. रविवारी उभी राहणार, असं आत्ता तरी वाटून राह्यलंय. पण तुम्ही सांगा ना, तुमच्या बाबतीत झालंय का असं? पुऱ्या भरवशानं काही केलं अन् तेच अंगावर आलं? मंग त्याच ताटापुढं पुन्हा हात कसा पसरला तुम्ही?